न्यायसहायक विज्ञान : पदवी कशाची, शिक्षण कशाचे?

बारावीचा निकाल लागला की विज्ञान शाखेचे विद्यार्थी शिक्षकांना जे प्रश्न विचारतात, त्यांत 'सर, फॉरेन्सिक करू का?' या प्रश्नाची अलीकडे भर पडली आहे. दूरदर्शनवरील गुन्हेकथांचा यात मोठा वाटा आहे. तेथे एका परीक्षानळीत दोन द्रव मिसळले की खुनी कोण ते समजते. पण म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या 176व्या कलमानुसार, सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावयाचा आहे. राज्यांना यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत मिळाली आहे. म्हणजे माणसे लागणार, हे उघड आहे. ती कशी तयार व्हावीत, हा खरा प्रश्न.

आधी नावातला एक घोळ दूर करू. शवविच्छेदन करून मृत्यूचे कारण सांगणे हे न्यायवैद्यकशास्त्र. त्यासाठी डॉक्टरच व्हावे लागते. रक्ताचे डाग, विषे, काडतुसे, हस्ताक्षरे, मोबाईलमधील माहिती यांची तपासणी हे न्यायसहायक विज्ञान. ते विज्ञानाच्या पदवीधरांचे क्षेत्र आहे. 'फॉरेन्सिक' या एका शब्दात वर्तमानपत्रे दोन्ही कोंबतात.

या विषयाचे विद्यापीठीय शिक्षण स्वित्झर्लंडमधील लोझान येथे 1909 साली सुरू झाले. भारतात मध्य प्रदेशातील सागर विद्यापीठाने 1959 मध्ये त्यासाठी स्वतंत्र विभाग काढला. महाराष्ट्रात मुंबई आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे शासकीय संस्था निघायला 2009 साल उजाडले. पुढे नागपूरची भर पडली. गुजरातमधील विद्यापीठाला 2020 साली राष्ट्रीय दर्जा मिळाला. तोपर्यंत आपल्या प्रयोगशाळा चालवल्या त्या प्रामुख्याने रसायनशास्त्राच्या पदवीधरांनी. पोलीस ठाण्यात अजूनही 'सी.ए. रिपोर्ट आला का?' असेच विचारतात. हा सी.ए. म्हणजे हिशेब तपासणारा नव्हे, केमिकल ॲनालायझर! कोल्हापुरात आज प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. पूर्वी येथला सीलबंद मुद्देमाल पुण्या-मुंबईला जात असे.

आता या पदवीत शिकायचे काय? अभ्यासक्रमात रसायन, भौतिकी, जीवशास्त्र, कायदा, मानसशास्त्र, संगणक असे पुष्कळ काही असते. पण माझ्या मते त्याचा गाभा एकच आहे : आपले उत्तर किती खात्रीचे आहे, हे सांगता येणे. कोल्हापूरकरांच्या परिचयाच्या एका प्रकरणावरून हे स्पष्ट होईल.

16 फेब्रुवारी 2015 रोजी सकाळी कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर कोल्हापुरात गोळ्या झाडण्यात आल्या. 20 तारखेला त्यांचे निधन झाले. त्याआधी 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची आणि त्यानंतर 30 ऑगस्ट 2015 ला धारवाडला प्रा. एम. एम. कलबुर्गी यांची हत्या झाली. तिन्ही ठिकाणी 7.65 मिलिमीटर व्यासाची काडतुसे वापरली गेली होती. साहजिकच प्रश्न आला की पिस्तूल एकच होते काय? गुन्हेगार कोण, हा न्यायालयाचा विषय आहे आणि आपण तिकडे वळणार नाही. विज्ञानाच्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी की, महाराष्ट्रातील व कर्नाटकातील प्रयोगशाळांच्या निष्कर्षांचा मेळ बसेना. तपास यंत्रणेने तिसरे मत मागवायचे ठरवले. त्यासाठी 2016 मध्ये थेट लंडनच्या स्कॉटलंड यार्डचा विचार झाला; ते जमले नाही, तेव्हा गुजरातमधील प्रयोगशाळेकडे जावे लागले.

तेच काडतूस, तसाच सूक्ष्मदर्शक, मग उत्तर वेगळे कसे? पिस्तुलाच्या नळीत आतून मळसूत्रासारख्या खाचा असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते व सरळ मार्ग धरते. गोळीचे आवरण नळीच्या पोलादापेक्षा मऊ, म्हणून नळीतील ओरखडे त्यावर उमटतात. काडतुसाच्या बुडावर फायरिंग पिनचा खळगा पडतो, आणि स्वयंचलित पिस्तूल रिकामे काडतूस बाहेर फेकते म्हणून ते घटनास्थळी सापडते. तपासनीस घटनास्थळचे काडतूस व संशयित पिस्तुलातून मुद्दाम झाडलेले काडतूस कंपॅरिझन मायक्रोस्कोपखाली शेजारी-शेजारी ठेवून पाहतो. संशयित पिस्तूल हाती नसेल तर दोन घटनास्थळांची काडतुसेच एकमेकांशी ताडून पाहतो.

येथे खुणा दोन पातळ्यांवरच्या असतात. खाचांची संख्या, रुंदी आणि त्या डावीकडे वळतात की उजवीकडे, ही त्या बनावटीच्या सगळ्याच पिस्तुलांची लक्षणे. ती जुळली नाहीत तर 'हे पिस्तूल नव्हे' असे ठामपणे म्हणता येते. जुळली तर फक्त 'असू शकेल'. पुढचा निर्णय बारीक ओरखड्यांवर; ते कारखान्यातील हत्यारांच्या झिजेने आणि वापराने प्रत्येक पिस्तुलात वेगळे पडतात असे मानले जाते. पण किती ओरखडे जुळले म्हणजे पुरे, याचा सर्वमान्य आकडा नाही. देशी कट्ट्याच्या नळीत तर खाचाच नसू शकतात. शेवटी तज्ज्ञाची नजर आणि अनुभव निर्णय देतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या 2009 सालच्या अहवालाने हेच बोट ठेवले : डीएनए सोडल्यास, एखादी खूण नेमक्या एकाच व्यक्तीशी वा वस्तूशी खात्रीने जोडता येते, हे कोणत्याही पद्धतीबाबत काटेकोरपणे सिद्ध झालेले नाही.

याचा अर्थ अशी तपासणी निरुपयोगी, असा मुळीच नाही. दोन प्रामाणिक तज्ज्ञांत मतभेद होऊ शकतो आणि तो का झाला हे अहवालावरून कळले पाहिजे, एवढाच अर्थ. आपल्या कायद्यात सरकारी तज्ज्ञाचा अहवाल, त्याला साक्षीला न बोलावताही, पुरावा म्हणून वाचता येतो. तेव्हा अहवालातील एकेका शब्दावर कोणाचे तरी आयुष्य तोललेले असते.

आकड्यांचीही हीच कथा. समजा, घटनास्थळी मिळालेल्या रक्ताचा गट शेकडा 8 लोकांत आढळतो आणि संशयिताचा गट तोच आहे. 'म्हणजे तो दोषी असण्याची शक्यता शेकडा 92', असे म्हणणारे भले भले भेटतात. पण कोल्हापूर शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे साडेपाच लाख. तिच्या 8 टक्के म्हणजे 44,000 माणसे! त्यांतला हा एक, इतकेच सिद्ध झाले. डीएनए तपासणीत अशी अनेक स्वतंत्र लक्षणे एकत्र घेतात, शक्यतांचा गुणाकार होतो, आणि 44,000 चा आकडा झपाट्याने खाली येतो. हा गुणाकार केव्हा करावा व केव्हा करू नये, हे अकरावी-बारावीच्या संभाव्यतेच्या धड्यातच आहे.

रसायनाचे उदाहरण तर शाळेच्या कपाटातले आहे. अनुमापनात वापरतो ते फिनॉल्फ्थॅलीन क्षपण करून रंगहीन करतात. त्याचा थेंब डागावर टाकून मग हायड्रोजन पेरॉक्साइड घातले की रक्त असल्यास गुलाबी रंग येतो. हिमोग्लोबिनमधील हीम हा घटक या क्रियेत उत्प्रेरकाचे काम करतो. पण काही भाज्यांतील पेरॉक्सिडेज विकरही तेच काम करते! म्हणून स्वयंपाकघरातील सुरीवर आलेला गुलाबी रंग 'रक्त असू शकेल' एवढेच सांगतो. पुढे ते मानवाचे आहे का, हे वेगळ्या चाचणीने पाहावे लागते.

तेव्हा विद्यार्थ्याने विचारले तर महाविद्यालयाच्या माहितीपत्रकातील यंत्रांची छायाचित्रे पाहू नका म्हणावे. रसायन आणि संख्याशास्त्राला किती तास आहेत, प्रात्यक्षिके कोण घेते, ते विचारावे. पायाभूत विषयात बी.एस्सी. करून मग एम.एस्सी.ला न्यायसहायक विज्ञान घेणे मला अधिक पक्के वाटते. नोकरी नाही मिळाली तरी हातात रसायन वा भौतिकी उरते. सरकारी प्रयोगशाळांतील जागा मोजक्याच असतात, आणि भरतीच्या जाहिरातीत नेमकी कोणती पदवी मागतात हे प्रवेशाआधी वाचलेले बरे.

ज्याला आपला कल पाहायचा आहे, त्याच्यासाठी वर्गातच एक प्रयोग करता येईल. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे पाच स्क्रू-ड्रायव्हर घ्या. प्रत्येकाने मेणाच्या वडीवर एक-एक ओरखडा काढून त्यावर क्रमांक घाला. मग त्यांतील काहींनी वेगळ्या वड्यांवर ओरखडे काढा, पण ते कोणाचे हे फक्त तुम्हाला ठाऊक असू द्या. एक ओरखडा मात्र पाचांत नसलेल्या सहाव्या स्क्रू-ड्रायव्हरचा मिसळा. भिंगातून पाहून दोन गटांनी, एकमेकांशी न बोलता, जुळणी करावी व प्रत्येक उत्तरापुढे 'निश्चित', 'शक्य' किंवा 'सांगता येत नाही' यांपैकी एक शेरा कारणासह लिहावा. सहाव्यापुढे कोणी काय लिहिले, ते आधी तपासा.