खाऱ्या वाऱ्यातला ट्रेलर

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडत असल्याने दुचाकीमागे जोडायच्या लहान ट्रेलरचा किंवा जलक्रीडेच्या नौका वाळूवरून पाण्यापर्यंत नेणाऱ्या चाकगाडीचा सांगाडा गंजला, की दोष पावसाच्या माथी मारला जातो. मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर लोखंड खाते ते मुख्यतः मीठ, आणि पाऊस ते मीठ काही अंशी धुऊनच काढत असतो.

लोखंड, पाणी आणि हवेतील ऑक्सिजन यांच्या संयोगातून तयार होणारा गंज सच्छिद्र असल्यामुळे खालच्या धातूचे रक्षण करत नाही. उलट मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापून तो रंगाला आतून उचलतो आणि पोपडे धरतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात व त्यांत साध्या मिठाबरोबरच मॅग्नेशियमचे क्लोराईडही असते. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जेवढी वाफ धरू शकते तिच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेली वाफ, सुमारे 75 टक्क्यांवर गेली की साधे मीठ हवेतले पाणी शोषून पाझरू लागते, तर मॅग्नेशियम क्लोराईडला सुमारे 33 टक्के पुरतात. किनाऱ्यावरची हवा उन्हाळ्यातही सहसा याहून दमट असल्याने वरून कोरडा दिसणारा सांगाडा खाऱ्या पाण्याच्या पातळ, न दिसणाऱ्या थराखाली महिनोन्महिने ओलाच असतो.

म्हणूनच मांगरात किंवा पडवीत जपून ठेवलेला, पण कधी न धुतलेला ट्रेलर उघड्यावरच्या ट्रेलरपेक्षा लवकर सडलेला आढळू शकतो, कारण छप्पर पाऊस अडवते, खारा वारा अडवत नाही. पावसात उभ्या असलेल्या ट्रेलरचीही खालची बाजू, मडगार्डच्या आतला पत्रा आणि जोडांच्या खाचा पावसाच्या माऱ्याबाहेरच राहतात आणि गंज प्रथम तेथेच धरतो. मासळीचे क्रेट वाहणाऱ्या दुचाकीची गत निराळी नसते. वितळलेल्या बर्फाचे खारट पाणी ठिबकत राहते ते थेट चेनवर.

उपाय फुकटातला आहे आणि बहुधा त्यामुळेच टाळला जातो: समुद्राकडून परतल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने, खालून वर, धुणे. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर त्याचा उपयोग थोडाच. चौकोनी पोकळ नळ्यांचा सांगाडा आतून बाहेर सडत येत असल्याने नळीच्या सर्वांत खालच्या टोकाला निचऱ्याचे भोक असावे आणि ते चिखलाने बुजलेले नसावे. धावून तापलेले चाक लगेच समुद्रात उतरवले तर हबमधली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि सीलच्या फटीतून खारे पाणी बेअरिंगपर्यंत ओढून घेते. हब हाताला थंड लागेपर्यंत थांबावे आणि पांढरट, दुधाळ झालेले ग्रीस दिसताच ते काढून नवे भरावे.

रंगाचे काम कोरड्या ऋतूत, तारेच्या ब्रशने पोपडे काढून, गोड्या पाण्याने मीठ धुऊन व पूर्ण वाळवून करावे. मिठावर मारलेले रेड ऑक्साईड फार काळ टिकत नाही. नवा सांगाडा घेताना सुमारे 450 अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला, म्हणजेच गॅल्व्हनाईज्ड, घेणे महाग पडले तरी किनाऱ्यावर तेच शहाणपणाचे, कारण ओरखडा पडला तरी लोखंडाच्या आधी जस्त झिजते. नंतर वेल्डिंग केले, की तेथले जस्त जळून जाते व त्या जागी जस्तयुक्त रंग लावावा लागतो. जोडांची तपासणी हा बारीकसारीक हट्ट नाही, हे मालवणला वेगळे सांगायला नको: राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळण्यापूर्वी काही दिवस आधीच, त्याच्या नट-बोल्टांना पाऊस व खाऱ्या वाऱ्याने गंज चढल्याचे सार्वजनिक बांधकाम विभागाने पत्राने कळवले होते. पुतळा पडण्याची सारी कारणे हा स्वतंत्र विषय आहे. गंज मात्र बोल्टाच्या डोक्यापाशी, जेथे दोन पत्रे मिळतात, तेथे लपतो ही गोष्ट ट्रेलरच्या हुकालाही लागू पडते.

पावसाळ्यात काम बंद असताना ट्रेलर चिऱ्यांवर उचलून चाके मोकळी ठेवावीत, धुऊन वाळवल्यावरच वर ताडपत्री घालावी आणि ती सांगाड्याला घट्ट न गुंडाळता खालून वारा फिरेल अशी सैल बांधावी.