चौथी पिढी, सहावी पिढी

मध्ययुगीन सरदार घराण्यांच्या वंशावळींतल्या चुका बहुतेक वेळा घराण्याचा मान वाढवणाऱ्या असतात. इंग्लंडच्या वॉरेन घराण्यातली गुंड्राडा 27 मे 1085 रोजी बाळंतपणात वारली. तिचा नवरा विल्यम पुढे सरेचा पहिला अर्ल झाला. ती विल्यम द कॉन्करर आणि राणी माटिल्डा यांची मुलगी, असे पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले.

चूक शोधताना आधी पाहायचे ते हे, की ही गोष्ट पहिल्यांदा कोणी सांगितली आणि कधी. राजकन्येची गोष्ट ससेक्समधल्या लुईसच्या मठातली. मठ याच जोडप्याने उभारलेला. संस्थापिका राजरक्ताची असणे मठाच्या सोयीचे होते. मठाच्या सनदांत तिला राजघराण्याची लेक ठरवणारे शब्द आहेत, पण अभ्यासक ते मागाहून घुसडलेले मानतात. तिच्या काळ्या दगडाच्या थडग्यावरचा लेख तिला ड्यूकांच्या कुळातली म्हणतो. तो दगडही तिच्या मृत्यूनंतर सुमारे 60 वर्षांनी कोरलेला. 1845 मध्ये मठाच्या जागेतून रेल्वे नेताना नवराबायकोच्या अस्थींच्या शिशाच्या पेट्या निघाल्या. झाकणांवर नावे होती, पण बापाचा उल्लेख नव्हता.

याउलट, बाराव्या शतकातला इतिहासकार ऑर्डरिक व्हायटॅलिस तिला फ्लँडर्सच्या गर्बोडची बहीण म्हणतो. थॉमस स्टेपलटन याने 1846 मध्ये यातून मधला मार्ग काढला: गुंड्राडा माटिल्डाचीच, पण आधीच्या नवऱ्यापासूनची. अशी तडजोड फार मोहात पाडते. दोन्ही बाजू राखल्या जातात आणि चूक मुक्कामाला राहते.

निकाल लावला तो एका पत्राने. गुंड्राडाच्या मुलाला आपली अनौरस मुलगी द्यावी, असे राजा पहिला हेन्री याच्या मनात होते. कँटरबरीचा आर्चबिशप अॅन्सेल्म याने नकार कळवला: एक बाजू समान पूर्वजापासून चौथ्या पिढीत येते, दुसरी सहाव्या. त्या काळी चर्चला सातव्या पिढीपर्यंतचे नाते चालत नसे. आता हिशेब करावा. हेन्री माटिल्डाचा मुलगा. गुंड्राडाही तिचीच असती, तर वधू-वर सख्खी मामे-आते भावंडे ठरली असती, दोघेही दुसऱ्या पिढीत. आपल्याकडे अनेक घरांत मामाची मुलगी करतात. अॅन्सेल्मच्या दृष्टीने ती उघड निषिद्ध सोयरीक होती. एवढे जवळचे नाते हाताशी असताना तो चौथी-सहावी पिढी कशाला मोजत बसला असता? त्याला लग्न मोडायचेच होते आणि नाती मोजण्यात त्याचा स्वतःचा काही लाभ नव्हता, म्हणून त्याची साक्ष मठाच्या सनदांपेक्षा भारी. चौथी आणि सहावी, या दोन आकड्यांनी स्टेपलटनची तडजोडही निकालात निघते. दोन्ही कथांत आई एकच आहे.

एडवर्ड फ्रीमनने 1888 मध्ये हा सगळा पुरावा तपासून राजकन्येची कथा नाकारली. तरी जुन्या छापील पोथ्यांवरून उतरवलेल्या वंशवेलींत ती अजून आढळते. अशी वंशवेल हाती आली, तर गुंड्राडाच्या वरची माटिल्डाची रेघ खोडावी, गर्बोड भाऊ म्हणून लिहावा आणि आईची जागा कोरी ठेवावी.