‘मुई त्साय’ : नात्याचे शब्द, दुभाषी आणि शाळा

कँटनी बोलीत ‘मुई त्साय’ असा एक शब्द आहे. ‘मुई’ म्हणजे धाकटी बहीण अथवा लहान मुलगी आणि ‘त्साय’ हा लहानपणा दर्शविणारा प्रत्यय. शब्दाचा केवळ घटकार्थ पाहिला तर तो मायेचा वाटतो. व्यवहारात मात्र तो गरीब आईबापांनी पैसे घेऊन श्रीमंत घरी कामाला दिलेल्या मुलीस लावीत. मराठीच्या अभ्यासकास यात फारसे नवल वाटू नये. पेशवेकालीन कागदपत्रांत खरेदी-विक्री होणाऱ्या दासीस ‘कुणबीण’ म्हटलेले आढळते. हा शब्दही मूळचा विक्रीचा नव्हे. एका कष्टकरी जातीच्या नावाचे ते स्त्रीलिंगी रूप होय. माणसाची विक्री ज्या समाजात रूढ असते, तेथील भाषा विक्रीसाठी वेगळा शब्द घडविण्याऐवजी घरातलाच एखादा शब्द त्या कामी लावते, असे या दोन उदाहरणांवरून दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरून कॅलिफोर्नियात नेलेल्या मुलींचा आणि त्यांच्या रक्षणासाठी सॅन फ्रान्सिस्को येथे निघालेल्या मिशन-गृहाचा इतिहास बहुधा साहसकथेच्या रूपाने सांगितला जातो. त्यात कुऱ्हाडींनी फोडलेली दारे आणि गच्चीवरून झालेले पाठलाग यांना मोठे स्थान असते. हे प्रकार घडले, हे खरे. परंतु त्या कार्याचा खरा भार दुसरीकडे होता. मुलीच्या वतीने बोलावयाचे कोणी, आणि तिला स्वतःला बोलता केव्हा येणार, या दोन प्रश्नांवर तिची सुटका अवलंबून होती.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. अमेरिकेच्या १८७५ च्या पेज कायद्याने वेश्याव्यवसायासाठी आणल्या जाणाऱ्या पौर्वात्य स्त्रियांना प्रवेशबंदी केली, आणि १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना दार बंद झाले. परिणाम असा की, १८९० च्या जनगणनेत त्या देशातील दर शंभर चिनी स्त्रियांमागे सुमारे २,६८० चिनी पुरुष आढळले. बंदीमुळे हा व्यापार थांबला नाही. तो महाग झाला आणि त्याने कागदांचा आश्रय घेतला. व्यापाऱ्यांच्या बायकामुलांना आणि अमेरिकेत जन्मलेल्यांना प्रवेशाची मुभा होती. म्हणून विकत घेतलेली मुलगी आता कोणाची तरी कन्या अथवा पत्नी म्हणून बोटीतून उतरू लागली. १९०६ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत शहराची जन्मदप्तरे जळाली, तेव्हा अशा ‘कागदी’ नात्यांस आणखी वाव मिळाला. १९१० ते १९४० पर्यंत एंजल बेटावरील ठाण्यात येणाऱ्यांची कसून उलटतपासणी होई : गावात घरे किती, विहीर कोणत्या बाजूस, आजीचे नाव काय. त्यासाठी प्रश्नोत्तरांचे कागद आधीच पाठ करून घेतले जात. नव्या देशातील त्या मुलीचा पहिला पाठ हा असा खोट्या नात्याचा असे.

प्रॉटेस्टंट पंथीयांपैकी मेथॉडिस्टांनी या कामास १८७० मध्ये आरंभ केला. प्रेस्बिटेरियन स्त्रियांच्या मंडळाने १८७४ मध्ये काढलेले गृह पुढे अधिक प्रसिद्धीस आले. मार्गारेट कल्बर्टसन ही त्याची दीर्घकाळची अधीक्षिका. १८९५ मध्ये डोनाल्डिना कॅमेरॉन ही न्यूझीलंडमध्ये जन्मलेली तरुणी शिवण शिकविण्यास तेथे आली. १८९७ मध्ये कल्बर्टसन वारली. १९०० मध्ये कॅमेरॉन अधीक्षिका झाली आणि १९३४ पर्यंत त्या कामावर राहिली. मुली तिला ‘लो मो’, म्हणजे आई, म्हणत. मुलींचे व्यापारी ‘फान क्वाय’, म्हणजे परकी भुते, या शब्दाने तिचा उद्धार करीत.

धाड घालून आणलेली मुलगी दुसऱ्या दिवशी पुन्हा हातची जाण्याचा संभव असे, कारण तिच्या मालकाला न्यायालय मोकळे होते. मुलगी बेकायदा अटकावून ठेवली आहे असा अर्ज तो करी. किंवा तिच्यावर दागिन्यांच्या चोरीची फिर्याद लावी. १९०० मध्ये अशाच एका फिर्यादीवरून एका मुलीस पालो आल्टो येथील तुरुंगात नेण्यात आले. कॅमेरॉन तिच्यासोबत कोठडीत राहिली. रात्री मुलीला तेथून बाहेर काढून रस्त्यातच न्यायाधीशापुढे उभे करण्यात आले आणि पाच डॉलर दंडाचा निकाल देऊन प्रकरण मिटविण्यात आले. गावकरी व स्टॅनफर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी यांनी यावर मोठाच गहजब केला. ज्या ‘सुनावणी’त आरोपीस काय चालले आहे हे कळतही नाही, तिला सुनावणी म्हणावे काय, हा प्रश्न कायद्याइतकाच भाषेचाही आहे. या धोक्यावर उपाय म्हणजे मुलीचे पालकत्व न्यायालयाकडून रीतसर मिळविणे. त्या आदेशपत्रांचे मोल कॅमेरॉनला पुरते ठाऊक होते. १९०६ मध्ये आग जवळ येत असता ती इमारतीत परत शिरली ती हीच पत्रे आणण्यासाठी. इमारत पडली, १९०८ मध्ये त्याच सॅक्रॅमेंटो रस्त्यावर नवी उभी राहिली.

परंतु पालकत्वासाठी मुलीचा जबाब हवा, आणि जबाबासाठी दुभाषी हवा. कॅलिफोर्नियातील बहुतेक चिनी लोक कँटन प्रांताच्या चार तालुक्यांतून आलेले होते; त्यांची बोली शहरी कँटनीहून बरीच निराळी आहे. दुभाष्यास पैसे चारणे किंवा गुप्त टोळ्यांचे भय दाखविणे कठीण नव्हते. एक क्रियापद बदलले की ‘मला विकले’ याचे ‘मला पाठविले’ होते, आणि खटला तेथेच संपतो. कॅमेरॉनला स्वतःला चिनी भाषा कधीच नीट अवगत झाली नाही, ही बाब तिच्या चरित्रांत ओझरती येते. खरे पाहता ती मध्यभागी यावयास हवी. तिचे सर्व कार्य गृहातच वाढलेल्या चिनी तरुणींच्या जिभेवर चालत होते.

त्यांतील पहिली तिएन फू वू. जुगारी बापाने कर्जापोटी विकलेली ही मुलगी १८९४ मध्ये गृहात आली. पुढे फिलाडेल्फियाजवळ व टोरांटो येथे तिचे शिक्षण झाले. परत येऊन ती कॅमेरॉनची सहकारी व दुभाषी म्हणून आयुष्यभर राहिली. दुसरी ताय ल्यांग. १८८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतच जन्मलेली ही मुलगी ठरविलेला विवाह टाळण्यासाठी गृहात आली आणि तेथे दुभाषी झाली. एंजल बेटाचे ठाणे उघडले तेव्हा तिला सरकारी नोकरी मिळाली. १९१२ मध्ये तिने मतदान केले, तेही पुष्कळ गाजले. पण पुढच्याच वर्षी तिने ठाण्यातील एका गौरवर्णीय अधिकाऱ्याशी विवाह केला. कॅलिफोर्नियात असा विवाह निषिद्ध असल्याने तो वॉशिंग्टन राज्यात जाऊन करावा लागला, आणि त्यापायी दोघांनाही नोकरी सोडावी लागली. परभाषेवर प्रभुत्व मिळविल्याने समाजाचे सर्व दरवाजे उघडत नाहीत, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

गृहातील शाळेचे महत्त्व यावरून ध्यानात येईल. इंग्रजी व चिनी वाचन, बायबल, शिवण आणि स्वयंपाक असा तिचा क्रम होता. सार्वजनिक शाळांनी चिनी मुलांना प्रवेश नाकारावा हा त्या शहराचा परिपाठ होता. १८८५ मध्ये मेमी टेप या मुलीच्या वतीने झालेल्या दाव्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिचा हक्क मान्य केला, तेव्हा शहराने चिनी मुलांसाठी वेगळी शाळा काढून निकालातील जीव काढून घेतला. मेमीची आई मेरी ही चीनहून लहानपणी आलेली निराधार मुलगी. ती अशाच एका प्रॉटेस्टंट स्त्रियांच्या आश्रयगृहात वाढली आणि तेथील मेट्रनचे नाव हेच तिचे नाव झाले. शिक्षणमंडळाचा धिक्कार करणारे तिचे पत्र वृत्तपत्रात छापले गेले. त्यातील इंग्रजीचे व्याकरण ठिकठिकाणी ढळते, अर्थ मात्र कोठेही ढळत नाही. १९२३ मध्ये बर्कली येथे बॅप्टिस्टांनी चिनी मुलग्यांसाठी ‘चुंग मेई’ आणि १९२५ मध्ये ओकलंड येथे प्रेस्बिटेरियनांनी मुलींसाठी ‘मिंग क्वाँग’ ही बालगृहे काढली, त्यांच्यामागेही हीच निकड होती.

या कार्याची दुसरी बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. पेगी पॅस्को यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, गृहाची शिस्त ही व्हिक्टोरियन गृहिणीधर्माची शिस्त होती. चांगल्या मुलीचा शेवट ख्रिस्ती चिनी पुरुषाशी विवाह हाच, असे तेथे गृहीत होते. काही मुली तेथूनही पळाल्या. शिवाय देणग्यांसाठी ‘गुलाम मुलगी’ हा शब्द जितका घोळविला गेला, तितके चिनी समाजाविषयीच्या द्वेषास खाद्य मिळाले. बंदीचे कायदे करणाऱ्यांना तर तो शब्द आयताच हवा होता. मराठी वाचकास येथे पंडिता रमाबाईंची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्या १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. परतीची बोट त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोहूनच धरली आणि मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. आश्रय व अक्षरज्ञान देणाऱ्याने धर्मही द्यावा काय, या प्रश्नावर १८९३ मध्ये रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. सॅन फ्रान्सिस्कोत असा वाद गृहाच्या आत पेटला नाही, कारण तेथे सल्ला देण्याच्या जागी चिनी समाजाचे कोणी नव्हतेच. मुलींच्या भाषेवाचून ज्या संस्थेचे पान हलत नव्हते, तिच्या कारभारात त्या भाषेला जागा नव्हती, हा तिचा दोष धर्मप्रसाराच्या आरोपाहून अधिक गंभीर मानावा लागेल.

डिसेंबर १९३३ मध्ये खोट्या नात्याच्या कागदांवर आणलेली एक तरुणी मालकांच्या हातून निसटून स्वतःच या गृहाच्या दाराशी आली. धाड घालावी लागली नाही. फेडरल न्यायालयात प्रकरण उभे राहिले, ते मुख्यतः तिच्या आणि तिच्यासारख्या दुसरीच्या साक्षीवर. १९३५ मधील पहिल्या खटल्यात पंचांचे एकमत झाले नाही, म्हणून तीच हकीकत सर्वांसमक्ष पुन्हा सांगणे भाग पडले. ती सांगितली गेली, आणि दुसऱ्या खटल्यात आरोपी दोषी ठरले. कॅमेरॉन त्यापूर्वीच निवृत्त झाली होती. १९४२ मध्ये गृहास तिचे नाव देण्यात आले. चिनी लोकांवरील प्रवेशबंदीचा कायदा त्यानंतर एका वर्षाने, १९४३ मध्ये, रद्द झाला.