जुन्या पोस्टकार्डांचा नवा प्रवास

घराची आवराआवर निघाली म्हणजे कपाटाच्या वरच्या फळीवरून एखादी पत्र्याची पेटी खालीं येते आणि तींत जुन्या पोस्टकार्डांचा गठ्ठा सांपडतो. एकावर बोरीबंदरच्या स्थानकाचें चित्र असतें, दुसऱ्यावर महाबळेश्वरचा कडा, तिसऱ्यावर विलायतेंतील एखाद्या बंदराचा धक्का. पाठीमागें फिक्या शाईंत चार ओळी असतात: सुखरूप पोंचलों, प्रकृति बरी आहे, काळजी नसावी. लिहिणारा व वाचणारा दोघेहि आतां नसतात. मग घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, रद्दींत द्या. दुसरा म्हणतो, हात लावूं नका.

देशोदेशींच्या हौशी लोकांनीं यांतून तिसरा मार्ग काढला आहे. जुन्या कार्डांतील चित्रें कापावयाचीं, तीं नव्या रीतीनें जुळवून दुसऱ्या कार्डावर चिकटवावयाचीं, आणि तें नवें कार्ड टपालानें दुसऱ्या हौशी माणसास पाठवून त्याचें कार्ड बदल्यांत घ्यावयाचें. या उद्योगास कला म्हणावें काय, आणि जुन्या वस्तूवर कात्री कोठवर चालवावी, हे दोन प्रश्न येथें विचारांत घेण्याजोगे आहेत.

पोस्टकार्डाचा जन्म फार जुना नव्हे. ऑस्ट्रियांतील अर्थशास्त्राचे अध्यापक इमॅन्युएल हेर्मान यांनीं १८६९ च्या आरंभीं वृत्तपत्रांतून सुचविलें कीं, दोन ओळींच्या निरोपासाठीं लिफाफा व पूर्ण टपालखर्च यांची गरज नाहीं. त्याच वर्षीं १ ऑक्टोबर रोजीं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या टपालखात्यानें पहिलें कार्ड विक्रीस काढलें. हिंदुस्थानांत १ जुलै १८७९ रोजीं पाव आण्याचें कार्ड आलें. चित्राचीं कार्डें लोकप्रिय झालीं तीं त्यानंतर. प्रथम त्यांची एक बाजू केवळ पत्त्यासाठीं राखलेली असे, आणि मजकूर चित्राच्या कडेला उरलेल्या जागेंत कोंबावा लागे. १९०२ सालीं इंग्लंडांत व १९०७ सालीं अमेरिकेंत पाठीचे दोन भाग करण्यास परवानगी मिळाली. म्हणून ज्या कार्डाच्या पाठीवर मधली रेघ नाहीं, तें बहुधा त्या आधींचें समजावें. आपल्याकडे रविवर्म्याच्या छापखान्यानें कार्डें काढलीं, व धुरंधरांसारख्या नामांकित चित्रकारानेंहि कार्डांसाठीं चित्रें रेखाटलीं.

कोलाज हा शब्द फ्रेंच भाषेंतील चिकटविणें या अर्थाच्या क्रियापदापासून आला. पिकासो व ब्राक यांनीं १९१२ सालीं चित्रांत कागदाचे व मेणकापडाचे तुकडे चिकटविले, तेव्हांपासून या पद्धतीस कलेच्या इतिहासांत स्थान मिळालें. परंतु ती घरांत त्यापूर्वींच नांदत होती. इंग्लंडांत मेरी डिलेनी या बाईनें १७७२ च्या सुमारास, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, रंगीत कागद कापून फुलांचीं चित्रें करण्यास आरंभ केला. तिचीं जवळजवळ एक हजार चित्रें ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत. महाराष्ट्रांतील गृहिणींनींहि रविवर्म्याच्या छापील लक्ष्मी-सरस्वतींना खऱ्या कापडाचें वस्त्र नेसविलें, जरीचे कांठ व टिकल्या चिकटविल्या आणि तीं चित्रें कांचेच्या चौकटींत बसविलीं. छापखान्यांतून हजारोंनीं निघालेली एकसारखी प्रत अशा रीतीनें त्या एका घराची होई. कोलाजाचें मर्म हेंच आहे.

पोस्टकार्ड व कोलाज यांची गांठ घालणाऱ्यांत जर्मनींतील हानोव्हरचा कुर्ट श्विटर्स हा अग्रेसर होय. ट्रामचीं तिकिटें, वेष्टनें, वर्तमानपत्रांच्या चिंध्या यांतून तो चित्रें करी. १९२० नंतरच्या वर्षांत छापील कार्डांवर असेच तुकडे चिकटवून तो तीं मित्रांना टपालानें पाठवूं लागला. नाझी राजवटीनें त्याची कला त्याज्य ठरविली. १९३७ सालीं तो नॉर्वेंत गेला, तेथून १९४० सालीं इंग्लंडांत, व १९४८ सालीं तेथेंच वारला. अमेरिकन चित्रकार एल्सवर्थ केली यानें १९४९ सालीं पॅरिसमध्यें असतांना कार्डांवर तुकडे चिकटविण्यास सुरुवात केली व २००५ पर्यंत सुमारें ४०० कार्डें केलीं. प्रवाशांसाठीं छापलेल्या साध्या देखाव्यावर एखादा फाडलेला रंगीत तुकडा ठेवून तो त्या देखाव्याचा सगळा तोल बदलून टाकी.

रे जॉन्सन यानें मात्र टपालालाच कलेचें अंग मानलें. न्यूयॉर्कमधून तो चित्रांचे तुकडे लोकांना पाठवी व त्यांवर भर घालून परत पाठवा, किंवा पुढें तिसऱ्यास पाठवा, अशी सूचना लिही. या पत्रमंडळींना १९६२ च्या सुमारास जें विनोदी नांव मिळालें त्यांत पत्रव्यवहार व नृत्य या दोन इंग्रजी शब्दांवर श्लेष होता. १९७० सालीं न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्यें त्यांच्या टपालाचेंच प्रदर्शन भरलें. पुढें जगभर टपालकलेचीं प्रदर्शनें भरलीं त्यांत एक दंडक रूढ झाला: परीक्षक नाहीं, प्रवेशमूल्य नाहीं, आलेलें सर्व मांडावयाचें, आणि आलेलें परत द्यावयाचें नाहीं. आजच्या हौशी अदलाबदलींत पाठविणारा जितकीं कार्डें देतो तितकीं त्यास इतरांचीं मिळतात. विषय, संख्या व मुदत तेवढी आधीं ठरलेली असते.

आतां कात्रीचा प्रश्न. जें एकदां कापलें तें पुन्हां जुळत नाहीं, म्हणून आधीं कार्ड भिंगाखालीं धरावें. बारीक ठिपक्यांची नियमित जाळी दिसली तर तें यंत्रावर छापलेलें कार्ड होय. त्याच्या पुष्कळ प्रती निघालेल्या असतात. जाळी मुळींच नसून छायाप्रकाश सलग उतरलेला असला, तर तें खऱ्या छायाचित्राच्या कागदावरील कार्ड असण्याचा संभव मोठा. त्याच्या प्रती कदाचित् दोनचारच असतील, कदाचित् तेवढी एकच. गांवची जत्रा, शाळेंतील मुलांचा मेळा, पुरांत बुडालेली पेठ अशीं चित्रें असलेलें कार्ड कापणें म्हणजे त्या गांवचा पुरावा नाहींसा करणें होय.

त्यानंतर कार्ड उलटून पाहावें. सासरीं गेलेल्या मुलीनें आईला लिहिलेल्या ओळी, परगांवच्या शाळेंतून मुलानें केलेली पैशांची मागणी, किंवा ज्या माणसाचें दुसरें अक्षर घरांत उरलेलें नाहीं त्याची सही, हें पाठीवर असलें तर समोरचें चित्र कितीहि सामान्य असो, त्यास हात लावूं नये. अशा कार्डाची प्रत काढून ती कापावी. जें कोरें आहे, फाटलेलें आहे किंवा ज्याच्या अनेक प्रती सहज मिळतात, त्यावर मात्र खुशाल कात्री चालवावी. रद्दींत द्या म्हणणारा व हात लावूं नका म्हणणारा हे दोघेहि एकच चूक करतात: दोघेहि कार्ड उलटून पाहात नाहींत.

कृति अवघड नाहीं. एक कार्ड पाया म्हणून घ्यावें आणि त्यावर परकी अशी एकच मोठी वस्तु आणावी. शहराच्या रस्त्यांतून आगबोट चालली आहे, किंवा हिमशिखरावर चहाचा पेला ठेवला आहे, एवढें पुरतें. तुकडे फार झाले कीं चित्राची रद्दी होते. चिकटविण्यापूर्वीं तुकडे नुसते मांडून बराच वेळ पाहावे. मैद्याची पातळ खळ ब्रशानें अगदीं विरळ लावावी. ओला कागद प्रसरण पावतो व वाळतांना आकसून कार्डास बांक आणतो. म्हणून पाठीलाहि तितकाच एक साधा कागद चिकटवावा, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण सारखा होतो. मग कार्ड कोऱ्या कागदांत घालून जाड पुस्तकांखालीं रात्रभर ठेवावें. पारदर्शक चिकटपट्टी वापरूं नये. कांहीं वर्षांत ती पिवळी पडून डाग ठेवते. छायाचित्राच्या कागदावरचा थर पाण्यानें मऊ होतो, म्हणून त्यास ओलावा लागूं देऊं नये. छापून काढलेल्या प्रतीवरची शाई ओलाव्यानें पसरते कीं काय, हेंहि एका कोपऱ्यावर आधीं पाहावें. शेवटीं कडांवर बोट फिरवावें. जी कड नखाला लागते ती टपालाच्या यंत्रांतहि अडकते.

कार्ड उघडें पाठवावें कीं लिफाफ्यांत, याविषयीं मतभेद आहे. लिफाफ्यांत तें सुरक्षित राहतें. उघड्या कार्डावर शिक्का उमटतो, कोपरा दुमडतो, क्वचित् तें पोंचतहि नाहीं. पण पोंचलें तर प्रवासाची खूण घेऊन पोंचतें. पहिल्या खेपेस लिफाफा बरा. दोन्ही रीतींत करणाऱ्यास एक गोष्ट सोसावी लागते. कित्येक संध्याकाळ खपून केलेली वस्तु पेटींत टाकल्यावर ती त्याची राहात नाहीं. ती कोणाच्या भिंतीवर लागेल, कीं दुसऱ्या एखाद्या पेटीच्या तळाशीं जाईल, हें त्यास कधींहि कळत नाहीं.

आणि तरीहि लोक ती पाठवितात. चित्र भिंतीवर टांगण्यासाठीं असतें, पुस्तक फळीवर राहण्यासाठीं असतें. पोस्टकार्ड जन्मतःच दुसऱ्यासाठीं असतें. पेटींत पन्नास वर्षें पडलेलें कार्ड जपलें गेलें हें खरें, पण त्याचें काम तेव्हांच थांबलें होतें. ज्यावर माणसाचें अक्षर आहे तें घरीं ठेवावें. ज्यावर केवळ देखावा आहे त्यावर आपलें अक्षर घालून तें पुन्हां वाटेस लावावें. पन्नास वर्षांनीं दुसऱ्या एखाद्या घरांत आवराआवर निघेल तेव्हां तें कार्ड उलटून पाहणाऱ्यास पाठीवर कोणाचें तरी अक्षर सांपडेल, आणि तो कात्री खालीं ठेवील.