कडुनिंब, चांदी आणि नायटा

सकाळी ७. ऊन चढायच्या आत आवारातल्या कडुनिंबाचा पाला खुडते. आधी नळाखाली, मग डिस्टिल्ड वॉटरने धुते. दुसरं धुणं टाळून चालत नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोराइड चांदीला भेटलं की पांढरा साका बसतो.

८. २० ग्रॅम पाला, १०० मिली पाणी, थोडा वेळ उकळी, मग गाळणं. चांदीचे नॅनोकण बनवण्याचं खरं काम हा काढाच करतो. त्यातले फ्लेव्होनॉइड, टर्पेनॉइड चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात आणि तयार झालेल्या कणांभोवती आवरण धरून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या मुरली शास्त्रींच्या गटाने कडुनिंबाच्या काढ्यातून सोन्याचांदीचे नॅनोकण केल्याचं २००४ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या वाटेवरच आम्ही चालतो.

९.३०. सिल्व्हर नायट्रेट, लिटरला ०.१७ ग्रॅम. हातमोजे हवेतच, बोटाला लागलं तर काळा डाग कातडी झडेपर्यंत जात नाही. नऊ भाग द्रावणात एक भाग काढा घातला की फिकट पिवळं पाणी हळूहळू कोऱ्या चहासारखं होतं. हे पाहताना अजूनही आनंद होतो. पण नुसता रंग हा पुरावा नव्हे.

१२. स्पेक्ट्रोफोटोमीटर. ४०० ते ४५० नॅनोमीटरमध्ये शोषणाचं नेटकं शिखर आलं तर ठीक. पसरट होऊन पुढे सरकलं तर कण चिकटलेत. मग सेंट्रिफ्यूज. कण धुऊन घेण्यावर मी अडून बसते, कारण कण बुरशी मारतात का हे पाहायचं आहे; द्रावणात मोकळी चांदी उरली तर तीही बुरशी मारते आणि श्रेय कणांना जातं.

जेवण.

३. बुरशी वाढवायच्या सबुरो अगारवर मी कँडिडा अल्बिकन्स ही बुरशी पसरते. त्यात पाच खड्डे: कण, नुसता काढा, नुसतं सिल्व्हर नायट्रेट, फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध, पाणी. हे तुलनेचे खड्डे नसतील तर त्या निकालावर माझा विश्वास नाही.

५. काल लावलेल्या प्लेट्स. बुरशी न वाढलेली वर्तुळं पट्टीने मोजते. वर्तुळ मोठं म्हणजे औषध जालीम, असं नाही. कण अगारमध्ये नीट पसरत नाहीत. किती मात्रेला वाढ थांबते, हे ९६ खड्ड्यांच्या प्लेटवरच कळतं. शेजारच्या ट्रायकोफायटनच्या प्लेट्स अजून कोऱ्या आहेत. ही बुरशी सावकाश वाढते, पण माझं खरं लक्ष तिच्याकडेच. तिच्यामुळे नायटा होतो. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाला दाद न देणाऱ्या तिच्या एका प्रकाराला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळालं. नवं औषध हवंय ते यासाठी.

७. नोंदवही. प्लेटवर बुरशी मेली म्हणजे माणसाच्या त्वचेवर औषध झालं, असं नव्हे. मधे विषारीपणाच्या आणि रुग्णांवरच्या चाचण्या आहेत.

तोवर एवढं ऐका: नायट्यावर दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणू नका, घरगुती चांदीचं पाणीही लावू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि खाज थांबली तरी सांगितलेले दिवस औषध पूर्ण करा.