वेदनाशामकांचा दमा आणि परत वाढणारे पॉलिप

प्रौढ दमेकऱ्यांपैकी सुमारे ७ टक्के लोकांना अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा वेदनाशामकांनी श्वासाचा त्रास होतो. दमा तीव्र असेल, तर प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास जातं. नाकात मांस वाढलेल्या, म्हणजे पॉलिप असलेल्या रुग्णांत ते सुमारे १० टक्के आहे. गोळी घेतल्यावर अर्ध्या ते तीन तासांत नाक गच्च होतं, डोळे लाल होतात, छाती घरघरू लागते. गोळी कॉक्स-१ हे एन्झाइम अडवते. त्यामुळे सूज आवरणारं प्रोस्टाग्लँडिन घटतं आणि सूज वाढवणारी ल्युकोट्राइन्स उसळतात. ही नेहमीची अ‍ॅलर्जी नव्हे, म्हणून त्वचेच्या चाचणीत ती सापडत नाही. आणि गोळ्या बंद केल्या, तरी पॉलिप वाढतच राहतात.

मग दुर्बिणीचं ऑपरेशन होतं, वास परत येतो, घरचे निश्चिंत होतात. कॅनडातला २०११ सालचा अभ्यास मात्र सांगतो की, अशा रुग्णांपैकी ९० टक्क्यांचा आजार पाच वर्षांत परतला आणि दहा वर्षांत ८९ टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन लागलं. ऑपरेशन हवंच, पण ती उपचाराची सुरुवात आहे.

पुढची पायरी ऐकायला विचित्र वाटते: ज्या अ‍ॅस्पिरिनचा त्रास, तेच औषध म्हणून द्यायचं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली अगदी थोड्या मात्रेपासून एक-दोन दिवसांत ३२५ मिलिग्रॅमपर्यंत नेतात आणि मग गोळी रोज चालू ठेवतात. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स क्लिनिकने २००३ मध्ये अशा १७२ रुग्णांचे निकाल मांडले. वर्षभर टिकलेल्यांपैकी ८७ टक्क्यांना गुण आला; सगळे धरले तर ६७ टक्क्यांना. मला दुसरा आकडा जास्त प्रामाणिक वाटतो, कारण १४ टक्क्यांना मुख्यतः पोटाच्या त्रासामुळे उपचार सोडावा लागला. दोन-तीन दिवस गोळी चुकली, तर सहनशक्ती ओसरते.

२०१९ पासून पॉलिपसाठी ड्युपिलुमॅबचं इंजेक्शनही आहे, दर दोन आठवड्यांनी. त्याच्या ७२४ रुग्णांच्या चाचण्यांत ८ गुणांच्या मोजपट्टीवर पॉलिप २४ आठवड्यांत नाकातल्या नुसत्या स्टेरॉइड फवाऱ्यापेक्षा सुमारे २ गुणांनी जास्त आक्रसले. खर्च मात्र मोठा.

दमा आणि पॉलिप दोन्ही असतील, तर कोणत्या गोळीने कधी त्रास झाला, हे ऑपरेशनआधीच डॉक्टरांना सांगा. तापाला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम बहुतेकांना चालतं. १००० किंवा त्याहून जास्त मात्रेला जवळपास एक तृतीयांश रुग्णांना त्याचाही त्रास होतो. अ‍ॅस्पिरिनचा प्रयोग घरी कधीही करू नका.