थंडीतले खुराडे

ग्वाल्हेरची थंडी आपल्याला नवी नाही. डिसेंबर-जानेवारीत धुके पडते, पारा कधी कधी 5 अंशांच्याही खाली उतरतो आणि आपण रजईत शिरतो. अशा वेळी अंगणात कोंबड्या पाळणाऱ्यांना काळजी लागते, की यांना ऊब कशी द्यायची?

पहिल्या हिवाळ्यात आम्हालाही ती लागली. आम्ही खुराड्याच्या साऱ्या फटी चिंध्यांनी बुजवल्या आणि वरून ताडपत्री ओढली. आठवड्याभराने एका सकाळी दार उघडले तर डोळेच चुरचुरले. पत्र्यातून पाणी ठिबकत होते, खालचा भुसा ओला झाला होता आणि कोंबड्या शिंकत होत्या. सहांपैकी दोन दगावल्या. चूक आमचीच होती.

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे 41 अंश असते. थंडीत ती पिसे फुलवते आणि पिसांत अडकलेली हवा तिला रजईसारखी उपयोगी पडते. पिसे कोरडी असली की मोठी कोंबडी आपल्याकडची थंडी सोसू शकते. मात्र तिच्या श्वासातून आणि विष्ठेतून रात्रभर ओलावा बाहेर पडतो. ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू निघतो आणि त्याने श्वासनलिकेला इजा होते. म्हणून ओलावा बाहेर जायला वाट हवी, पण वाऱ्याचा झोत कोंबडीच्या अंगावर येऊ नये. खुराडे बांधताना एवढे एक सूत्र सांभाळावे.

सहा कोंबड्यांना रात्री 4 फूट लांब व 3 फूट रुंद जागा पुरते. आधी फूटभर उंच जोते बांधावे. उत्तर, पूर्व व पश्चिम बाजूंना विटांच्या भिंती घ्याव्यात आणि पूर्वेच्या भिंतीत दार ठेवावे. दक्षिणेकडील उंची 5 फूट व उत्तरेकडील 4 फूट ठेवली, की पत्र्याला उतार मिळतो. दक्षिणेला खाली दीड फूट भिंत व वर अर्ध्या इंचाची मजबूत जाळी लावावी, म्हणजे मुंगूस किंवा मांजर आत शिरणार नाही.

जाळी दक्षिणेलाच का? डिसेंबरच्या अखेरीस ग्वाल्हेरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 40 अंश वर असतो. त्यामुळे ऊन आत शिरून भुसा वाळवते. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा दीड फूट पुढे काढलेला पत्रा सावली देतो. भूगोलाच्या तासाला शिकलेले असे अंगणात उपयोगी पडते!

रात्री जाळीवर गोणपाटाचा पडदा सोडावा, पण पत्र्याखालचा अर्धा फूट भाग उघडाच ठेवावा. बसायची दांडी उत्तरेच्या भिंतीजवळ, 2 फूट उंचीवर लावावी, म्हणजे गार हवा कोंबड्यांच्या डोक्यावरून जाते. दांडी 2 इंच रुंद व चपटी असावी. तिच्यावर बसलेली कोंबडी आपली बोटे पोटाच्या पिसांखाली झाकून घेते. जमिनीवर तूस किंवा लाकडाच्या भुशाचा 4 इंचांचा थर द्यावा, तो रोज हलवावा आणि ओला भाग काढून टाकावा. पत्र्यावर पेंढा अंथरून बांधला तर थंडीत पाणी कमी ठिबकते आणि मे महिन्यात पत्रा कमी तापतो.

हिवाळ्यात अंडी कमी झाली तर घाबरू नये. आपल्याकडे तेव्हा दिवस साडेदहा तासांचा असतो आणि भरपूर अंडी देण्यासाठी कोंबडीला साधारण 14 तास उजेड लागतो. पिल्लांची गोष्ट मात्र वेगळी. पहिल्या आठवड्यात त्यांना 32 ते 35 अंश ऊब लागते. एलईडी दिव्याने ती मिळत नाही. म्हणून पिल्ले भर थंडीत न काढता फेब्रुवारीनंतर काढलेली बरी.

पालकांना एक विनंती. खुराड्यात कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. बंद जागेत तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला वास नसतो, त्यामुळे तो कळतही नाही. हाच नियम आपल्या झोपण्याच्या खोलीलाही लागू आहे.

रोज सकाळी दार उघडताच पत्र्याला आतून हात लावून पाहावा आणि वास घ्यावा. हाताला पाणी लागले किंवा डोळे चुरचुरले, तर त्या रात्री पडदा आणखी थोडा खाली घ्यावा.